ऑकलंड ते मुंबई, पंधरा तास

माझा साखरपुडा सांगलीत विश्रामबागच्या एका हॉलमध्ये होता आणि लग्न पुढच्या आठवड्यात, आमच्या गावी पाटणला. पण आमच्याकडे साखरपुड्याला चार माणसं जास्त जमली की कुणाला तरी हुक्की येतेच. या वेळी ती नवऱ्या मुलाच्या, म्हणजे सयाजीच्या चुलत्यांना, लालासाहेबांना आली.

"पावणं जमल्यात, जेवान तयार हाय. आजच उरकून टाकू की लगीन!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा सख्खा भाऊ, राजवर्धनदादा, त्याच लग्नासाठी न्यूझीलंडहून निघालेला. ऑकलंडच्या डेअरीत नोकरीला लागल्यापासून एकदाही आला नव्हता. लग्नात नवऱ्याचा कान नवरीच्या भावानं पिळायचा असतो, म्हणून दादा प्रत्येक फोनवर म्हणायचा, "सयाजीला सांग, कानाला तेल लावून ठेव."

वाटलं, माझे वडील, आबा तरी नाही म्हणतील. पण आबा रिटायर्ड सुभेदार. अंतर आणि वेग कळला की आपल्याला सगळं कळलं, असा त्यांचा हिशेब. त्यांनी फोनवर कुठलंसं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं.

"ऑकलंड ते मुंबई, बारा हजार तीनशे किलोमीटर. पंधरा तास. काल सांजच्यालाच इमान उडालंय. म्हंजी सकाळी उतरला, गाडी करून निघाला. गोरज मुहूर्ताला हितं हजर!"

"आवं आबा, सिंगापूरला इमान बदलायचंय त्याला," मी म्हटलं.

"मग थांबंल की. कराड स्टँडला एस्टी थांबती तेवढं!"

सगळे हसले. मला हळद लागली, घाईघाईनं शालू आला. दादाचा फोन बंद. मी खिडकीपाशी जायची, रस्ता बघायची, परत फोन लावायची. एका जागी बसवेना. चुलतभाऊ अमृतला कुणीतरी सांगून ठेवलं, "न्हाईच आला तर कान तू पीळ." ते ऐकून मला रडू फुटलं.

मुंडावळ्या बांधल्या आणि दादाचा व्हिडिओ कॉल आला.

"चार्जिंग संपलं होतं गं. झाला का साखरपुडा?" मग त्यानं नीट बघितलं. "मुंडावळ्या कशाला?"

मी सांगितलं. तो उगाच मोठ्यानं हसला. "उरका. लोकं खोळंबल्यात. अमृतला म्हणावं, जोरात पीळ." आणि त्यानं फोन फिरवला. मला नुसतं विमानतळाचं छत दिसत होतं.

मी मुंडावळ्या सोडल्या आणि फोनसकट आबांच्या हातात दिल्या. "इचारा तुमीच, कुठं हाय त्यो."

"राजा, कुठं पोचलास रं?"

"सिंगापूर, आबा. फुडलं इमान राती हाय."

"आरं, पण ह्यात पंधराच तास..."

"सरळ जाणारं इमानच न्हाई, आबा. ते नुसतं अंतर मोजून सांगत्यात."

आबा खुर्चीत बसले. बाहेर बँडवाले वाजवायला लागले होते. लालासाहेब दारातून ओरडले, "सुभेदार, येळ झाली!"

आबा उठले. मुंडावळ्या त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातल्या.

"आज साखरपुडाच. लगीन ठरल्या दिवशी, पाटणला."

"आवं, हळद लागलीया पोरीला!"

"लागूंदे. परत लावू."

लालासाहेब काहीबाही बोलत राहिले. आबांनी ऐकून घेतलं. फोन त्यांच्या हातात तसाच चालू होता, आणि त्यातून दादाच्या रडण्याचा आवाज येत होता.