सत्तेचाळिसावं स्टेशन

“भावजी, मागे उभं राहून सुस्कारे टाकू नका. त्यानं खेळ सुरू होत नसतो,” टर्मिनलबाई म्हणाली आणि तिने चष्मा वर सरकवला.

हे नाव तिला शाळेतल्या मुलांनी ठेवलेलं. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ती सव्वीस वर्षं सहायक होती, आणि माउसच्या दोन टिचक्यांत होणारं कामसुद्धा काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, आज्ञा टाइप करूनच करायची. लॅबमधली तीस म्हातारी मशीन तिने विंडोज काढून, फुकटचं आणि हलकं लिनक्स घालून जगवली होती. दुसऱ्याने भंगारात काढलेलं मशीन चालू केल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. नम्रपणा तिच्या वाट्याला जरा कमीच आला होता, पण काम चोख असल्यामुळे कुणी तक्रार करत नसे.

आजचं मशीन तिच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं होतं. ताईला जाऊन वर्ष होत आलं. नर्सची नोकरी संपल्यावर ताईने अकरा वर्षं एकच खेळ खेळला, आगगाड्यांचा. रूळ टाकायचे, पूल बांधायचे, गाड्या सोडायच्या. शेहेचाळीस स्टेशनं तिने उभारली आणि त्यांना नात्यातल्या माणसांची नावं दिली. धाकटीचं, म्हणजे टर्मिनलबाईचं, स्टेशन मोठ्या जंक्शनवर होतं, कारण ती सगळ्यांच्या मध्ये पडते. भावजींचं बोगद्याच्या तोंडाशी, कारण ते घोरतात.

खेळ विंडोजचा, आणि मशीन इतकं जुनं की नवं विंडोज त्याला पेलेना. ताई-भावजींचा मुलगा म्हणाला, टाकून द्या. भावजींनी जन्मात पहिल्यांदा मुलाला ठणकावून नाही म्हटलं आणि मेहुणीला फोन लावला. आठ महिन्यांपूर्वी तिने त्यावर लिनक्स घातलं आणि वाइन नावाचं सॉफ्टवेअर बसवलं. नाव ऐकून भावजी दचकले होते. तिने समजावलं, हा दुभाषा आहे. खेळ विंडोजच्या भाषेत काही मागतो, हा ते लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतो. वर खेळाला परकं वाटू नये म्हणून एका फोल्डरमध्ये खोटी सी-ड्राइव्ह मांडून देतो. खेळ बिचारा तिथेच नांदतो.

परवा मशीन अपडेट झाल्यापासून मात्र खेळ उघडत नव्हता. पडदा काळा व्हायचा आणि मिटायचा. भावजींना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. ताईची रेल्वे पुन्हा दिसली नाही तर काय, हे ते बोलत नव्हते, पण चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतंच.

तासभर खटपट करून टर्मिनलबाईने ठरवलं, आता लॅबची रीत. ती खोटी सी-ड्राइव्ह सबंध पुसायची आणि सगळं नव्याने बसवायचं. हजारदा केलेलं काम, हातचा मळ.

“त्यात माझं थोडं...” भावजी म्हणाले.

“ताईचा सेव्ह केलेला खेळ माझ्या पेनड्राइव्हवर आहे. मी काय आज आले या धंद्यात? तुमचं काही जात नाही. चहा टाका.”

भावजी चहा टाकायला गेले. घरातली बाई सांगेल ते ऐकायची त्यांना चाळीस वर्षांची सवय होती. तिने एन्टर दाबलं.

चहा गाळून होईपर्यंत अर्धं काम उरकलं होतं. आणखी अर्ध्या तासाने पडदा उजळला, शिट्टी वाजली आणि शेहेचाळीस स्टेशनांची रेल्वे जशीच्या तशी उभी राहिली. गाड्या निघाल्या. टर्मिनलबाईचा ऊर भरून आला, आणि तो नुसता बहिणीच्या आठवणीने नव्हे. आपल्याला हे जमतं, याचाही त्यात मोठा वाटा होता.

“बघा,” ती म्हणाली.

भावजी खुर्चीत बसले. टीव्हीसुद्धा ज्यांना ताईने लावून द्यावा लागे, त्यांनी माउस सराईतासारखा धरला आणि नकाशा भराभर सरकवत नेला. तिने ते पाहिलं आणि तिची नजर पेनड्राइव्हकडे गेली. बोगद्याच्या पलीकडे डोंगर होता. तिथे ते थांबले. डोंगर रिकामा होता.

“इथे एक स्टेशन होतं,” भावजी म्हणाले. “मी बांधलेलं. तिनं सगळ्यांची केली, स्वतःचं केलंच नाही.”

टर्मिनलबाईने पुढे होऊन पुसलेलं परत आणायची सगळी हत्यारं काढली. दोन तास ती काळ्या खिडकीशी झुंजली. पण पुसलेल्या जागेवर नवा खेळ तिनेच भरला होता, आणि भावजींचे आठ महिने त्याखाली गेले होते. पेनड्राइव्हवर होती ती ताईची रेल्वे, लिनक्स घातलं त्या दिवशीची. मधल्या काळात भावजी खेळत असतील, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. पुसण्याआधी नक्कल काढायला अर्धं मिनिट लागलं असतं. लॅबमध्ये याच चुकीवरून तिने कितीतरी मुलांना फैलावर घेतलं होतं.

“चूक माझी आहे, भावजी,” ती म्हणाली. हे वाक्य तिला फारसं सवयीचं नव्हतं. “तुम्ही सांगत होतात. मी ऐकलं नाही.”

भावजींनी खेळ पुन्हा उघडला आणि नकाशा डोंगरापाशी नेला.

“नाव काय दिलं होतं?” तिने विचारलं.

“अगं.”

“एवढंच?”

“आयुष्यभर तेवढंच म्हणत होतो. ती ओ द्यायची.”

तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. भावजींनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि म्हणाले, “आठ महिने लागले, कारण पहिले तीन मला माउसच धरता येत नव्हता. आता येतो.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. बोगद्याच्या तोंडापासून पहिला रूळ टाकला, मग दुसरा. टर्मिनलबाई स्टूल घेऊन त्यांच्या मागे बसली. दरीशी आल्यावर पूल नकाशावरच्या एका चौकोनाने आखूड पडला. तिला ते आधीच दिसलं होतं. तिने दोन्ही हात मांडीवरच ठेवले. भावजींनी पूल पाडला, बोटाने पडद्यावर चौकोन मोजले आणि पुन्हा बांधायला घेतला.