पांढऱ्या टेपचे वेढे

पोटातल्या नळीला लावलेली पिशवी सकाळपासून कोरडी होती आणि नवरा खुशीत होता. तिला नेमकं तेच खटकत होतं.

नवरा प्लंबर. तीस वर्षं लोकांच्या गळक्या नळांशी झटापट केली, पण स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ कायम ठिबकता! तिने विषय काढला की स्वारी बहिरी. आता त्याच्याच पोटात जोडकाम झालं होतं. स्वादुपिंडाचा खराब तुकडा काढून उरलेला भाग आतड्याला जोडला होता. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, "हा जोड कधीकधी पाझरतो. तो रस आत साठला तर जिवावर बेतेल, म्हणून ही नळी ठेवलीय. रंग बदलला, ताप आला, किंवा पिशवीत येणं अचानक थांबलं, तर लगेच सांगायचं." तेव्हापासून ती जीव मुठीत धरून पिशवीकडे बघत बसायची.

"अगं, बघतेस काय? गळती बंद! उद्या घरी."

"सिस्टरना सांगून येते."

"काही नको. उगाच शंका काढतील आणि आणखी चार दिवस डांबून ठेवतील. भित्री भागूबाई कुठली!"

पांघरूण सारखं करताना तिचा हात त्याच्या अंगाला लागला. अंग नुसतं भाजत होतं. दात वाजत होते.

"एसी जास्त आहे," तो म्हणाला.

एसी बंद होता.

तिने पांघरूण बाजूला केलं. नळी जिथे पिशवीला जोडली होती, तिथे पांढऱ्या टेपचे वेढ्यांवर वेढे. पाइपच्या आट्यांना गुंडाळतात ती टेप. त्याच्या कामाची एक तरी गुंडाळी तिच्या पर्समध्ये असायचीच. काल संध्याकाळी त्याने चष्म्याची दांडी ढिली झालीय म्हणून मागितली आणि तिनेच काढून दिली होती.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"पिशवीपाशी जोड ठिबकत होता. चादर ओली व्हायची." त्याचा आवाज बारीक झाला. "लाज वाटली गं. चार वेढे दिले, बस."

लोखंडी पाइप आवळणारे हात ते. मऊ नळी पार चपटी झाली होती.

चपला घालायचंही तिला सुचलं नाही. ती अनवाणीच धावली. सिस्टरनी येऊन कात्रीने टेप कापली. क्षणभर काहीच आलं नाही. मग तपकिरी, गढूळ पाणी भसकन पिशवीत उतरलं आणि असा वास सुटला, की सिस्टर फोनकडे धावल्या.

रक्त नेलं, स्कॅन झाला, सलाइनमधून औषधं सुरू झाली.

"आत थोडं साठलंय," डॉक्टर म्हणाले. "वेळेत कळलं, नाहीतर कठीण होतं. पण आता दोन दिवस नळी वाहती राहायलाच हवी. नाहीतर पुन्हा पोट उघडावं लागेल, आणि ते त्यांना झेपेल असं मी सांगू शकत नाही."

दुपारभर ती स्टूल ओढून नळीपाशी बसली. एक थेंब पडायचा. मग बराच वेळ काहीच नाही, आणि तिचा श्वास अडकायचा. मग दुसरा. घरातल्या ठिबकण्यावरून तिने या माणसाचं किती डोकं खाल्लं होतं!

तापातच त्याने डोळे किलकिले केले. "गळतंय का गं अजून?"

"गळतंय."

त्याचा उजवा हात सवयीने चादरीवरून नळीकडे सरकला. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"गळू दे हो," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "तुमच्या पाया पडते, गळू दे."