बुजवलेलं दार

आमचे हे गवंडी. गावातल्या निम्म्या भिंती ह्यांच्या हातच्या. स्वतःच्या घरात मात्र एकच बांधली, तीही दार बुजवायला.

सासूबाईंना दम्याचा जुना त्रास. महिन्याच्या महिन्याला श्वासाचा पंप आणायचा तर एकट्या म्हाताऱ्यांचं सरकारी अनुदान हवंच होतं. नियम असा, की माणूस खरंच एकटं राहिलं पाहिजे. शेजारच्या शिंपिणीच्या आईचं जेवण लेकीच्याच चुलीवर शिजताना दिसलं आणि अर्ज बाद झाला. तपासणीचे साहेब राखसुद्धा चिवडून बघतात म्हणे.

म्हणून सासूबाई मागच्या खोलीत गेल्या. वेगळी चूल, ये-जा मागच्या अंगणातून. मधलं दार ह्यांनी एका दुपारात विटांनी बंद केलं. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "ओळंबा धरलास ना रे? नाहीतर माझ्याच अंगावर पडायची." आम्ही पोट धरून हसलो.

ठरलं असं, की काही हवं असलं तर त्यांनी उलथन्यानं भिंतीवर तीनदा ठोकायचं आणि मी वळसा घालून जायचं. आधी मी धावत जायचे. मग चालत. मग "आले हो" असं भिंतीलाच सांगून हातातलं काम उरकायचे. वळसा अवघा वीस पावलांचा! पण खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटत होतं. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणारं कोणी उरलं नव्हतं.

साहेब येणार कळलं, तसा पोटाला चिमटा घेऊन आणलेला नवा पंप मी आमच्या फडताळात लपवला. हा कोणी आणून दिला, असं विचारलं तर?

त्या सकाळी साहेबांनी आधी मागची खोली पाहिली. मग आमच्याकडे येऊन बसले, फॉर्म मांडीवर घेऊन.

"म्हातारीचं दुखलंखुपलं कोण बघतं?"

"कोणी नाही, साहेब," हे म्हणाले. "आमचं जाणंयेणं नाही."

तेवढ्यात भिंतीवर टक, टक, टक.

साहेबांचं पेन थांबलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी फडताळाकडे. पुन्हा तीनदा. मग दोनदाच.

"हे काय?"

"उंदीर," मी म्हणाले. "फार माजलेत मेले."

साहेब हसले. त्यांच्याही घरी होते. उंदरांच्या औषधांची नावं सांगत त्यांनी सावकाश चहा संपवला.

ते वळणाआड गेले तशी मी पंप घेऊन पळाले. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. जुना, संपलेला पंप मांडीवर, उलथनं हातात. अंग अजून गरम होतं.

ह्यांनी पहार आणून ती भिंत फोडली. मागचं दार सताड उघडं असताना.

महिन्याभरानं मंजुरीचं पत्र आलं. त्यात कारण दिलं होतं: अर्जदाराकडे बघणारं कोणी नाही.

"चूक आहे हे," हे पुटपुटले. "कळवायला हवं."

"चूक कुठं आहे?" मी म्हणाले.