पोत्यामागे एक घमेलं

मिस्त्रीने चाळणी झटकली आणि घमेल्यातला भुसा पोत्यात ओतता ओतता मागे वळून पाहिलं. लेक अजून वखारीच्या फाटकाशी फोनवर बोलत होती. त्याने घाईघाईने भुसा खालीवर केला, सागाचा पिवळा रंग खोक्यांच्या हलक्या लाकडाच्या पांढुरक्या भुशात पार मिसळून टाकला आणि काही झालंच नाही अशा थाटात कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

तीन महिने हे असंच चाललं होतं. लेक शहरातल्या प्रयोगशाळेत लाकडाच्या भुशापासून साखर काढायची. भुसा आम्लात शिजवायचा, उतरलेली साखर यीस्टला खायला घालायची. यीस्टने ती खाल्ली की फेस येतो आणि पुढे त्यातून औषधापासून प्लॅस्टिकपर्यंत काय काय बनतं म्हणे. तिने मागितला होता खोक्यांच्या लाकडाचा भुसा, कारण त्याचेच डोंगर साचतात आणि तोच फुकट जातो. पण एवढी शिकलेली पोर, चार मोठ्या माणसांत उभी राहणार, आणि बापाने तिच्या हाती खोक्यांचा भुसा ठेवायचा? मिस्त्रीच्या मनाला ते काही पटेना. म्हणून दर पोत्यामागे एक घमेलं अस्सल सागाचा भुसा तो गुपचूप मिसळायचा. दुधात साखर, असं त्याला वाटायचं.

लेक आली ती चपला आपटतच. बाकावर बसली, उठली, परत बसली.

"हे शेवटचं पोतं, बाबा. परवा या कामाला पैसे देणाऱ्या कंपनीची माणसं येतायत. तोवर फेस दिसला नाही तर काम बंद."

"साखरच उतरत नाही का?"

"उतरते की! मोजलीय मी. पण यीस्ट तिला तोंडच लावत नाही. पुढ्यात ताट वाढलंय आणि ते उपाशी मरतंय."

"म्हणजे जिवंत असतं ते?"

"मग? बुरशीचीच जात ती."

मिस्त्रीची नजर कुंपणाकडे गेली. दोन वर्षांपूर्वी त्यानेच ठोकलेले दोन खांब तिथे शेजारी शेजारी होते. खोक्याच्या लाकडाचा खांब बुरशी धरून बुडाशी कुजला होता. सागाचा ठणठणीत होता. सागाला वाळवी लागत नाही, बुरशी धरत नाही, हे तो तीस वर्षं गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत आला होता. जो साग बुरशीला जगू देत नाही, तो यीस्टला कसा जगू देणार?

झाकली मूठ सव्वा लाखाची. हे पोतं रिकामं करून नुसता खोक्यांचा भुसा भरला, तर कुणाला कळणार होतं? त्याने पोत्याचं तोंड धरलंसुद्धा.

"माझ्याच हातात दोष आहे," लेक नखं खात म्हणाली. "आम्ल बदललं, आच बदलली, सगळं करून झालं. पद्धतच चुकीची आहे, असं आज लिहून देते आणि मोकळी होते."

मिस्त्रीच्या हातातून पोतं सुटलं.

"त्यात साग आहे," तो म्हणाला.

"कशात?"

"या पोत्यात. सगळ्याच पोत्यांत. एकेक घमेलं." तो जमिनीकडे बघत होता. "चांगलं असावं म्हणून घातलं गं."

लेकीचा चेहरा उतरत गेला. ती ओरडली असती तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं. तिने पिशवीतून वही काढली.

"घमेलं काठापर्यंत की शिगोशीग?"

"शिगोशीग."

तिने लिहून घेतलं. "आता दोन पोती भरा. एकात नुसता खोक्यांचा. दुसऱ्यात नेहमीसारखं."

"दुसरं कशाला आता? एक करायला गेलो नि भलतंच झालं. पुरे की."

"पद्धत बरोबर होती, सागानेच घात केला, हे दाखवायला नको?"

मिस्त्रीने पहिलं पोतं भरलं आणि नेहमीप्रमाणे सुतळी घेतली. लेकीने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"याचं तोंड मी बांधते."

तिने दोन गाठी मारल्या. मिस्त्रीला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. दुसऱ्या पोत्यासाठी सागाचं घमेलं भरताना तो काठाशीच थांबला. तीच मग म्हणाली, "शिगोशीग, बाबा."

दुसऱ्या दिवशी त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोन फळ्या वाकड्या कापल्या, चहा तसाच निवला. फोन खिशातून काढायचा, परत ठेवायचा. संध्याकाळी करवत चालू असतानाच तो वाजला.

"पहिल्या पोत्याच्या बाटलीत फेस आलाय, बाबा! बूचसुद्धा उडालं!"

मिस्त्री ओंडक्यावर बसला.

"आणि दुसरी?"

"दुसरी गप्प बसलीय. अगदी तुमच्यासारखी."

त्यावर ती हसली की रडली, ते करवतीच्या आवाजात त्याला कळेना. त्याने हात लांब करून करवत बंद केली.