ताईच्या रक्ताचा रिपोर्ट

अख्खं हॉस्पिटल लॅबवाल्याला 'साहेब' म्हणायचं, पण ताईसाठी तो छोटूच होता. टक्कल पडलं, पोट सुटलं, तरी छोटू. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरूनही तिने बजावलंच, "छोटू, माझं रक्त दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. तुझ्यासारखा खडूस तपासणारा मिळायचा नाही."

पोटातली गाठ काढायची होती. लवकर आटपेल म्हणाले होते, पण दुपार कलली तरी थिएटरचं दार उघडेना. मग थिएटरमधून लॅबला फोन आला. रक्त थांबत नव्हतं, ते नीट गोठतंय का हे तातडीने हवं होतं.

ताईच्या रक्ताचा नमुना छोटूच्या हातात आला. त्याने तो स्वतःच मशीनला लावला. हे मशीन कुणाचंही रक्त आधी सदतीस अंशांपर्यंत गरम करतं, म्हणजे निरोगी अंगाइतकं, आणि मग गोठायला किती वेळ लागतो ते मोजतं. ताईचं रक्त शहाण्या मुलासारखं वेळेत गोठलं. त्याचा जीव भांड्यात पडला.

"रक्त ठणठणीत आहे," त्याने सर्जनना कळवलं.

"मग एखादी शीर सुटली असणार. शोधतो."

थिएटरबाहेर बसलेल्या भाऊजींनाही तो धावत जाऊन सांगून आला. "तू आहेस म्हणून धीर आहे रे," ते म्हणाले.

सर्जन शीर शोधत राहिले. सुटलेली शीर नव्हतीच, रक्त सगळीकडूनच झिरपत होतं. संध्याकाळी ताई गेली.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी नंतर त्याला बाजूला घेतलं. "पोट इतका वेळ उघडं, खोली गार, त्यात सलाइनच्या बाटल्या. अंग बत्तीस अंशांवर उतरलं होतं. आधी तिला ऊब द्यायला हवी होती. पण तुमचा रिपोर्ट चांगला आला, म्हणून सगळे शीरच शोधत राहिले."

आणखी सांगायची गरज नव्हती. गारठलेल्या अंगात रक्त धड गोठत नाही, हे तो शिकाऊ पोरांना घोकून घ्यायला लावायचा. पेशंटचं अंग किती गरम आहे, एवढं फोनवर विचारायचं होतं. बहिणीच्या काळजीत नेमकं तेच राहिलं. त्याला स्वतःची चीड आली, आणि मग तो भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखा रडला.

भाऊजी बाकावरच बसून होते. त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "रक्तात काही खोट नाही म्हणालास ना तू? मग माझी बाई गेली कशाने रे?"

नशीब म्हणून मोकळं होता आलं असतं. भाऊजींनी ते मानलंही असतं.

"भाऊजी, मी तिचं रक्त गरम करून तपासलं," तो म्हणाला. "ताई तिकडे गारठली होती. गार अंगात रक्त गोठत नाही. मला ठाऊक होतं, पण मी विचारलंच नाही."

भाऊजींनी हळूच आपला हात काढून घेतला.