हो म्हणालात तर

इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी जर-तरची वाक्यं घरभर वाटून टाकली होती. अडगळीच्या खोलीत तिसरा प्रकार: झालं नाही, आता होणारही नाही. गॅलरीत दुसरा: नुसती कल्पना. बैठकीत पहिला: होऊ शकतं. स्वयंपाकघरात शून्य: होतंच. वाक्य ज्या प्रकारात पडेल, त्या खोलीत विद्यार्थ्यानं जाऊन बसायचं.

बैठक

किल्ल्या बनवणाऱ्या एका विद्यार्थ्याला परगावी दुकान मिळत होतं. संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. त्याआधी बाईंना लग्नाचं विचारायचं, तेही इंग्रजीत, कारण मराठीत जीभच उचलेना.

"इफ यू सेड येस, आय विल स्टे."

"सेड?" बाई म्हणाल्या. "म्हणजे मी हो म्हणणारच नाही, असं धरून चाललात. गॅलरी."

गॅलरी

ओल्या चादरीआडून तो म्हणाला, "तसं नव्हतं धरलं हो."

"बोललात तर तसंच."

तो सुधारायला गेला. "इफ यू हॅड सेड येस..."

"अडगळ," बाई म्हणाल्या.

अडगळ

आत मोडका पंखा आणि मागच्या तुकडीतला पोस्टमन होता. 'अभ्यास केला असता तर'पाशी तो अडकला होता. त्यानं सरकून जागा दिली.

"टेका. इथे कसली घाई नसते."

बाहेर बाई स्वयंपाकघराच्या दारातून आपल्या आत्याला सांगत होत्या. "आत्या, पाणी उकळलं तर हाक मार गं."

किल्लीवाला ताडकन उठला. दाराचं आपोआप लागणारं कुलूप त्यानंच बसवलेलं होतं, ते त्यानं तारेनं उघडलं.

स्वयंपाकघर

"बाई, 'उकळलं' म्हणालात. म्हणजे उकळणार नाही, असं धरलंत?"

बाईंच्या हातातला खडू मोडला.

"मी पण तेच मराठी इंग्रजीत म्हणत होतो," तो म्हणाला. "हो म्हणालात तर."

"पातेल्यापासून जरा लांब उभं राहून भांडा," आत्या म्हणाली.

"ही शून्याची खोली आहे," बाई म्हणाल्या. "इथलं वाक्य करा."

त्यानं घाम पुसला. "इफ यू से येस, आय स्टे."

बाईंनी वाक्य मनात पुढून मागून तपासलं. 'विल' कुठेच नव्हतं.

"होतंच, असं म्हणायचंय?"

"होतंच."

"येस," बाई म्हणाल्या.

पाणी उकळलं. अडगळीतून पोस्टमननं विचारलं, "दार उघडं राहिलंय. मी येऊ का?"

"आलात तर एक कप वाढवते," आत्या म्हणाली.

बाईंनी तिला दुरुस्त केलं नाही.