एका गेजने दिलेला होकार

डॅग्नीला वाटलं होतं, दोन वर्षं दूरच्या शाळेत बंदुकीची कारागिरी शिकून आपण गावी परतलो की लोक वाट बघत असतील. कोणत्या रायफलीला कोणतं काडतूस द्यावं, कोणतं हातात घेऊ नये, का घेऊ नये, सगळं विचारतील. तिने तीन वह्या भरून आणल्या होत्या. प्रत्यक्षात तिला मिळालं ते काकाच्या गॅरेजमधलं अर्धं बाक, शेगडीवर करपलेली कॉफी आणि तिच्याच वह्यांवर अंग टाकून झोपणारं एक मांजर. विचारलं कुणीच नाही.

आणि मिळालो मी. मी एक गेज बोलतोय. काडतुसाचं माप घेणारा, अंगठ्याएवढा, आरपार पोकळ पोलादी तुकडा. माझ्या पोटात काडतूस सोडतात. त्याचं बूड माझ्या काठावरच्या दोन पायऱ्यांच्या मधे थांबलं तर माप बरोबर. वर डोकावलं किंवा खाली बुडालं तर चूक. ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांवर माझी चाळीस वर्षं गेली. तिसरा शब्द मला कुणी शिकवला नाही. आज मला त्याची फार गरज आहे.

मला घडवलं ते एका लेथवर. ज्याने घडवलं त्याने मला पुसून पुसून अकरा वेळा मोजलं. त्या अकरा वेळांचा मला गर्व होता. मग खोक्यात बसून मी टपालाने अमेरिकेतल्या मोंटानाला आलो, व्हर्लिनच्या हातात पडलो आणि तिथलाच झालो.

व्हर्लिन म्हणजे डॅग्नीचा काका. त्या खोऱ्यात काडतुसं विकत आणणाऱ्याला लोक हसत, कारण व्हर्लिन सगळ्यांसाठी घरी भरायचा. वापरलेली पितळेची कवचं गोळा करायची, घासून चकचकीत करायची, बुडाला, पिनेचा मार बसला की ठिणगी पाडणारी, नवी टोपी बसवायची, दारू मोजून ओतायची, वर गोळी दाबायची. मग कॉफीच्या रिकाम्या डब्यात घालून, कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीने नाव लिहून द्यायची. हरणाच्या शिकारीच्या आधी द्यायची, लग्नात द्यायची, बापाच्या मयतीनंतर पोराला द्यायची. व्हर्लिनचा डबा नाकारणं म्हणजे त्याच्या ताटातला घास नाकारणं. आजवर तो कुणी नाकारला नव्हता.

डॅग्नीचे वडील ती सात वर्षांची असताना गेले. तेव्हापासून ती याच बाकाजवळ, पालथ्या बादलीवर बसून वाढली. एकेक काडतूस माझ्यात सोडायची आणि ओरडायची, “बसलं, काका!” व्हर्लिन म्हणायचा, “बसलं की चाललं.” हे वाक्य मी हजारदा ऐकलं. मला ते आवडायचं. त्यात माझा मोठेपणा होता.

परतल्यावर डॅग्नीने पहिली रायफल बनवली ती लोरेटासाठी. लोरेटा अडुसष्ट वर्षांची, एकटी, वरच्या अंगाला दोनशे मेंढ्या राखणारी बाई. वसंतात कोकरं जन्मली की कोयोट टपून बसतात, कोल्ह्यासारखे धूर्त आणि त्याहून धीट. लोरेटाचा उजवा खांदा निकामी झाला होता. प्रत्येक गोळीनंतर नळी मागून बंद करणारा बोल्ट हाताने ओढायची जुनी रायफल तिला झेपेना. म्हणून डॅग्नीने पुढचं काडतूस आपोआप घेणारी, तिच्या खांद्याच्या मापाची सेमी-ऑटोमॅटिक रायफल हिवाळाभर खपून घडवली.

आणि भिंतीवर पाटी लावली: ‘या रायफलीत घरी भरलेली काडतुसं वापरू नयेत.’ तिने कारखान्याची तीन प्रकारची काडतुसं निवडून, प्रत्येकी शंभर झाडून पाहिली होती. एक अडकत होतं म्हणून बाद केलं, दुसरं थंडीत आळसावत होतं म्हणून बाद केलं. तिसरं टणक टोपीचं, दर वेळी सारखं वागणारं. तेवढं एकच तिने वहीत ठळक लिहिलं.

लोरेटा रायफल न्यायला आली त्या दिवशी व्हर्लिन काखेत डबा घेऊन आत शिरला.

“घे लोरेटा. पन्नास आहेत. तुझं नाव घातलंय.”

“अरे व्हर्लिन, पोरीने भिंतीवर एवढी पाटी ठोकलीय. वाचता येतं ना?”

“चष्मा घरी राहिला.”

डॅग्नी म्हणाली, “काका, या रायफलीला मी ठरवलेलीच काडतुसं द्यायची आहेत.”

“का गं? माझ्या काडतुसांना काय देवी आल्यात?”

“तसं नाही…”

“तुझ्या बापाने जन्मभर हीच वापरली. शाळेत गेलीस आणि काकाचा हात अशुद्ध झाला होय?” तो हसत म्हणाला. पण डबा पुढे केलेला हात तसाच होता.

डॅग्नीने त्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिने मला उचललं, डब्यातली पाच काडतुसं एकामागून एक माझ्यात सोडली. पाचही नेमकी बसली.

“बसतात,” ती म्हणाली.

“बसलं की चाललं!” व्हर्लिनने टाळी वाजवली. लोरेटाने डबा घेतला.

मी खोटं बोललो नाही. माप बरोबरच होतं. पण तिथे प्रश्न मापाचा नव्हता. व्हर्लिनच्या जुन्या रायफलीची स्प्रिंग थकलेली, पिनेचा मार हलका, म्हणून तो आयुष्यभर मऊ टोप्या वापरत आला. हाताने हळू बंद होणाऱ्या बोल्टला त्या चालून जातात. डॅग्नीच्या रायफलीचा बोल्ट मात्र दाणकन मिटतो, आणि त्या झटक्यात आतली मोकळी पिन पुढे जाऊन टोपीला चोच मारते. टणक टोपी ती चोच सोसते. मऊ टोपी सोसेलच असं नाही. हे डॅग्नीच्या दुसऱ्या वहीत लाल रेघेखाली लिहिलेलं होतं. माझ्या पोटाला टोपीचा मऊपणा कळत नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिला त्या क्षणी लपायला जागा हवी होती, आणि मी माझा ‘हो’ तिच्यापुढे धरला.

नऊ दिवसांनी दुपारी लोरेटा परत आली. भुवईवर पट्टी, हातात घोंगडीत गुंडाळलेली रायफल आणि तो डबा. व्हर्लिन शेगडीपाशी कॉफी पीत होता.

“ही ठेवून घे पोरी,” लोरेटा म्हणाली. “दुसऱ्या कुणाला तरी दे.”

“काय झालं?”

“काय व्हायचंय! पहिलं काडतूस चढवलं, कोयोट पळाला, म्हणून काढून ठेवलं. संध्याकाळी दुसरं चढवलं आणि रायफल हातातच उडाली. नळी जमिनीकडे होती म्हणून वाचले. दगडाची कपची लागली, बाकी काही नाही. कुत्रं पायाशीच होतं गं.” ती थांबली. “माझं बोट चापावर गेलं असणार. मला तर आठवत नाही. तेच वाईट. न आठवणारं बोट घेऊन बंदूक धरायची नसते.”

“वय कुणाला चुकलंय, लोरेटा,” व्हर्लिन हळूच म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

“कर्ट दोन वर्षं तेच म्हणतोय,” ती म्हणाली. कर्ट तिचा मुलगा, शहरात असतो. “म्हटलं, ऐकावं आता पोराचं. उद्या दुपारी ट्रक येतोय. मेंढ्या जाऊ देते. उरलेला डबा हा घे व्हर्लिन, वाया नको जायला.”

डॅग्नीने डबा घेतला. चढवून काढलेलं ते पहिलं काडतूस तिने शोधलं आणि भिंगाखाली धरलं. मी शेजारीच होतो. त्याच्या टोपीवर मोहरीएवढा खळगा होता. चापाला कुणी हात लावला नसताना पिनेने मारलेली चोच. पहिलं काडतूस सोसून गेलं होतं. दुसऱ्याने सोसलं नाही.

तिचं तोंड उघडलं. व्हर्लिन लोरेटाला कॉफी ओतून देत होता. ते तोंड पुन्हा मिटलं.

लोरेटा जाताना आपल्या उजव्या हाताकडे बघत गेली. जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता आणि तिने तो विश्वासाने सांभाळला होता.

तेव्हापासून मी स्वतःला पुन्हा पुन्हा मोजतोय. अकरा वेळा मोजलेला मी! लोरेटा मेंढ्यांना नावांनी हाक मारते, हे मी इथेच ऐकलंय. त्या मेंढ्या ट्रकात चढणार, आणि एक म्हातारी उरलेलं आयुष्य आपल्या बोटाला दोष देत खिडकीत बसणार. हे सगळं माझ्या एका बरोबर उत्तरामुळे.

माणसांची एक सवय मी पाहिली आहे. नाही म्हणायचं जिवावर आलं की ती एखादं माप पुढे करतात. माप बिचारं खरं बोलतं, आणि त्याच्याआड माणूस गप्प राहतो. मी मात्र बिचारा नव्हतो. मला तो मान आवडला होता.

आज सकाळी डॅग्नी व्हर्लिनच्या आधी आली. डोळे सुजलेले. तिने खळग्याचं काडतूस वेगळ्या डबीत ठेवलं. मग मला घेतलं, माझ्याभोवती कागदी चिकटपट्टी गुंडाळली आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलं: ‘फक्त लांबी.’ मला कोटाच्या खिशात टाकलं आणि फोन फिरवला.

“लोरेटा, मी डॅग्नी. ट्रकवाल्याला येऊ नको म्हणून कळवा. नाही, आधी ऐका. बोट तुमचं नव्हतं. चूक माझी आहे, मला माहीत असून मी काडतुसं दिली. काल बोलायला हवं होतं. मी येऊन दाखवते. काकांनाही घेऊन येते.”

 फोनमधून लांबून मेंढ्यांचा आवाज आला.

दाराबाहेर व्हर्लिनने बुटांवरचा चिखल झटकला. आत येता येता तो कोटाची बटणं सोडू लागला.

“कोट राहू द्या, काका,” डॅग्नी म्हणाली. “आणि आज चष्मा घ्या.”

मी खिशात आहे. वाचकहो, माझ्या पोटात काडतुसं सोडा, लांबी विचारा, मी खरं सांगेन. पण कुणाचं मन राखायला माझा होकार मागू नका. मी तो देऊन बसेन.